कडूसकर बाईंचं फ्लेक्सघर

कडूसकर बाई फ्लेक्स खालून वाचायच्या. चौकात केवढाही मोठा चेहरा टांगलेला असो, त्या चेहऱ्याकडे बघायच्याच नाहीत. कमरेवर हात ठेवून वाकायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि अगदी तळाची, कापताना निम्मी कात्रीत गेलेली ओळ शोधायच्या.

"कुणी छापलं आणि कुणी छापून घेतलं, हे दोन आधी. वर जे आहे ते तोंड आहे. ते सगळ्यांनाच असतं."

लग्नपत्रिकासुद्धा त्या अशाच वाचायच्या. आधी 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं', मग निमंत्रक, मग कार्यालय, आणि वेळ उरलाच तर वधू-वर.

आमच्याकडे निगडीपासून चाकणपर्यंत आभाळ कमी आणि फ्लेक्स जास्त. कुणाच्या पोराला दहावीत साठ टक्के पडले तरी त्याचं अभिनंदन करायला एक आमदार, एक खासदार आणि गोल गोल फोटोंमधले गॉगलवाले शुभेच्छुक हजर. वाढदिवस असतो त्याचं नाव 'भावी नगरसेवक'. तो तसाच भावी राहून म्हातारा होतो. या सगळ्याचा मला लहानपणापासून संताप आहे. मी पत्रकं लिहिते. पोटापाण्यासाठी दुसरी नोकरी आहे, पण काम विचाराल तर पत्रकं लिहिणं आणि ती रावेत, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांच्या गेटवर वॉचमनशी भांडून वाटणं. आमचा पाच-सात जणांचा गट आहे. पार्किंग, पाणी, मैदान, जे अंगावर येईल त्यावर लिहितो.

बाई मला महापालिकेच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायला होत्या. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेला वीस मार्कांचा विषय. बाकीचे शिक्षक तो तास गणिताला देऊन टाकायचे. बाई द्यायच्या नाहीत. प्रचाराच्या प्रत्येक पत्रकावर, पोस्टरवर छापणाऱ्याचं आणि छापून घेणाऱ्याचं नाव-पत्ता असावा लागतो, हे त्यांनी आम्हाला आठवीत सांगितलं होतं. आम्ही तेव्हा मागच्या बाकावर फुली-गोळा खेळत होतो.

त्या मला पुन्हा भेटल्या त्या पिंपळे सौदागरच्या एका चौकात, शिडीखाली. वर दोन पोरं फ्लेक्स बांधत होती आणि खाली बाई शिडी धरून उभ्या. मला वाटलं, बाईंनी कुठला तरी पक्ष धरला.

"बाई, तुम्ही? ह्यांच्यासाठी?"

"गप बस, साबळे. शिडी धर." इतक्या वर्षांनी भेटल्यावर हे पहिलं वाक्य. बाई सगळ्यांना आडनावानं हाक मारायच्या, फक्त वर्गात फार मारामाऱ्या करणाऱ्यांना नावानं. मग वर बघून म्हणाल्या, "काय रे, उतरवणार कधी हा?"

"वाढदिवस झाला की, काकू. परवा."

"परवा इथेच येते मी. फाडायचा नाही, सुतळी सोडून काढायचा. गुंडाळी करून माझ्या हातात द्यायचा."

पोरगा खूश. "काकू, दादांच्या एवढ्या फॅन आहात?"

"अजून ठरवलेलं नाही," बाई म्हणाल्या.

हळूहळू सगळ्या पक्षांच्या पोरांना समजलं की एक काकू जुने फ्लेक्स मागून नेतात. पोरांनाही बरंच, कचऱ्याच्या गाडीवाल्याची बोलणी खावी लागत नाहीत. निवडणुकीनंतर तर टेम्पोनं यायचे. बाईंनी कधी कार घेतली नाही, पण त्यांच्या फ्लॅटला पार्किंगची एक जागा होती. तिथे खांबांच्या मधे लाकडी घोडे लावून त्यांनी गुंडाळ्या रचल्या होत्या, एकावर एक, साडीच्या दुकानातल्या ताग्यांसारख्या. प्रत्येकीला कापडाची चिठ्ठी शिवलेली: कुठल्या चौकात, कुणाचा, कधी लागला, कधी उतरला. पक्षावर काही नव्हतं. मी म्हटलं, "बाई, पक्षाप्रमाणे लावू या की, सापडायला सोपं."

"पक्षाप्रमाणे लावलं तर दर महिन्याला उचलून इकडचे तिकडे ठेवावे लागतील. माझे गुडघे बघ आणि बोल."

आम्ही त्या जागेला फ्लेक्सघर म्हणायला लागलो. बाईंना ते आवडलं नाही. त्या 'संग्रह' म्हणायच्या. पण लिफ्टमधली पोरं, दूधवाला, सगळेच फ्लेक्सघर म्हणायचे, मग त्यांनीही धरलं.

मोबाईलवरच्या जाहिरातींवर बाईंचा फार राग. "भिंतीवरचा खोटारडा निदान दोन दिवस तोंड दाखवतो. हा सकाळी येतो, संध्याकाळी गायब. आणि तुला एक दाखवतो, मला दुसरंच." मी स्क्रीनशॉट काढून द्यायला लागले तर म्हणाल्या, "नको. उद्या तो म्हणेल, तूच बनवलंस." त्यांची पद्धत वेगळी होती. जाहिरात मोबाईलवर उघडायची, मोबाईल त्या दिवसाच्या पेपरवर ठेवायचा, कडेला स्वतःचा अंगठा धरायचा आणि मी माझ्या मोबाईलनं फोटो काढायचा. त्यामुळे आमच्याकडच्या प्रत्येक नेत्याच्या शेजारी हिरवी बांगडी आणि हळदीनं पिवळा झालेला एक अंगठा आहे. तो अंगठा बघून एकदा एका कार्यकर्त्यानं मला गंभीरपणे विचारलं होतं, हे कुठल्या पक्षाचं चिन्ह.

माझी पत्रकंही त्यांच्याकडे जायची. तपासायला नाही, संग्रहाला. पण हात थांबायचा नाही. 'निर्लज्ज, निबर आणि बेमुर्वत प्रशासनाचा जाहीर धिक्कार' असं मी लिहिलं की बाई तांबड्या पेनानं तिन्ही विशेषणं खोडायच्या. "तारीख कुठाय? कोण कुणाला काय म्हणालं? तू चिडलीयस एवढंच कळलं मला. ते तर तुझ्याकडे बघूनही कळतं." आणि दहापैकी साडेचार. मला आयुष्यात कुठल्याही पत्रकाला सहाच्या वर मार्क मिळाले नाहीत. त्यांचं स्वतःचं वळण इतकं टापटिपीचं आणि स्वभाव इतका आडमुठा, की भांडण काढायचीही सोय नव्हती. शिवाय तपासून झालं की त्या कच्ची दाबेली मागवायच्या. माझ्या वाट्याचे शेंगदाणेसुद्धा वेचून खायच्या आणि म्हणायच्या, "तुला पचत नाहीत."

आता फ्लेक्स नुसते ठेवून सडतात. उंदीर लागतात, घड्या चिकटतात. म्हणून बाई ते वापरायला द्यायच्या. आमच्याकडे तसाही निवडणूक संपली की पुरावा गोठ्यावर जातो. कुणी कांद्यावर टाकतं, कुणी मिरच्या वाळवायला पसरतं. बाईंनी त्यालाच शिस्त लावली. चाकणच्या पुढे त्यांचं माहेर. धाकटे भाऊ आप्पा शेती बघतात, मुलगा कंपनीत. पहिले फ्लेक्स गेले ते आप्पांच्या शेळ्यांच्या शेडवर. अट एकच: छापील बाजू आत. उन्हानं शाई उडते. त्यामुळे बाहेरून शेड पांढरीफेक दिसायची, आणि शेळ्या मात्र रोज नेत्यांकडे बघत रवंथ करायच्या.

या शेडमध्ये मंगेशदादा सापडले.

मंगेश हा आमच्याच शाळेचा, माझ्या बराच पुढचा. त्याचं आडनाव इथे देत नाही, फ्लेक्सवर पुरेसं मोठं असतं. बाई त्याला नावानं हाक मारायच्या, यावरून काय ते समजा. पण त्यांचा त्याच्यावर जीव होता. शाळेत असताना स्नेहसंमेलनाचा मांडव यानंच उभा केला होता, रात्रभर राबून, हे त्या मला निदान दहादा सांगून झाल्या होत्या. "कामाचा मुलगा आहे गं. वाया गेलाय, पण कामाचा आहे."

तर आप्पांच्या शेजारी साखरपुडा होता, मंगेशदादा पाहुणे. ऊन होतं म्हणून आप्पांनी त्यांना शेडमधल्या बाजेवर टेकायला सांगितलं. दादा टेकले, वर पाहिलं, तर वर दादाच. जुन्या पक्षाच्या रंगात, ज्या साहेबांना ते आता भाषणात रोज शिव्या घालत होते त्यांच्या गुडघ्याशी हात जोडून.

"मंगेश, ह्यो कोण रं?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, हा मी नाही. एडिट केलंय कुणीतरी."

"आसंल बाबा. आमी काय, अडाणी मानसं. पर ह्या शेळ्या रोज बघत्यात, त्यास्नी इचार."

दुसऱ्या दिवशी दादांच्या माणसानं नवीकोरी निळी ताडपत्री आणून दिली आणि म्हणाला, तो फ्लेक्स द्या. आप्पांनी ताडपत्री ठेवून घेतली. "फ्लेक्स आमचा न्हाई. आक्काचा हाय. तिला इचारून सांगतो." झालं. पंचक्रोशीत बातमी पसरली की मंगेशदादाचा जुना फ्लेक्स असला की ताडपत्री मिळते. आठवडाभर लोक पिंपळे सौदागरला येऊन बाईंच्या दारात उभे. बाईंनी एकेकाला हाकललं. "हे वाचनालयासारखं आहे. इथे एक्स्चेंज ऑफर नाही."

हसण्यावारी नेण्यासारखं इथपर्यंतच होतं. कारण आमच्याकडे मंगेशचा आणखी एक फ्लेक्स होता, आणि तो हसण्यासारखा नव्हता.

रावेतला एक मोकळा भूखंड होता. मागच्या निवडणुकीत मंगेशनं तिथे मोठा फ्लेक्स लावला होता. हातात बॅट घेतलेला मंगेश, शेजारी दोन पोरं, खाली मोठा बाण आणि अक्षरं: 'शब्द मंगेशचा. याच जागेवर मुलांचं मैदान.' आज त्या जागेवर लॉन्स आहेत, म्हणजे लग्नाचा मांडव कायमचा. चालवतो मंगेशचा मेव्हणा. मैदानाच्या पोस्ट मंगेशच्या फेसबुकच्या पानावरून कधीच उडाल्या. पेपरात आलं नव्हतं. आमचा गट मैदानासाठी अर्ज करत होता आणि प्रत्येक टेबलावर एकच ऐकत होता: असं काही कुणी म्हटलं होतं, याला पुरावा काय? पुरावा म्हणजे बाईंच्या पार्किंगमधली ती एक गुंडाळी, आणि तिचं नाव काढलं की म्हणायचे, फ्लेक्स काय, कुणीही छापतो.

निवडणूक जाहीर झाली, मंगेश उमेदवार झाला आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या चेअरमननी बाईंना नोटीस दिली: पार्किंगमध्ये ज्वालाग्राही माल साठवलाय, रविवारपर्यंत हलवा. चेअरमन मंगेशच्या शुभेच्छुकांमध्ये डावीकडून दुसरे. बाईंनी नोटीस नीट घडी घालून संग्रहात ठेवली आणि चहा टाकला.

शनिवारी मंगेश स्वतः आला. एकटाच, चप्पल बाहेर काढून. बाईंच्या पाया पडला. मी कोपऱ्यात चिठ्ठ्या शिवत बसले होते, मला त्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"बाई, तुमच्या कामाला जागा मी देतो. ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रातली वरची खोली. कोरडी आहे, पंखा आहे. बोर्ड लावू, तुमच्या नावाचा."

"माझ्या नावाचा नको. पण खोली चांगली आहे ती. मी पाहिलीय."

"कायमची तुमची. फक्त एक…" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "एक तेवढा काढून टाका. कुठला ते तुम्हाला माहितीये. बाकीचे माझे सगळे ठेवा, शेळ्यांवरचेसुद्धा."

बाईंनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. मला भीती वाटली, खरंच वाटली. त्या खोलीसाठी त्यांनी महापालिकेत किती खेटे घातले होते ते मला ठाऊक होतं. आणि समोर त्यांचा मांडव उभा करणारा मुलगा बसला होता.

"मंगेश, एक काढला ना, की उरलेले सगळे तुझ्या मर्जीनं ठेवलेले होतात," बाई म्हणाल्या. "मग मी काय जपतेय? तुझा अल्बम? चहा घे, गार होतोय."

त्यानं चहा घेतला. कप स्वतः विसळून ठेवला. जाताना म्हणाला, "रविवारपर्यंत हलवायला लागेल मग, बाई." आवाजात धमकी नव्हती. तेच मला जास्त झोंबलं.

मी तिथल्या तिथे पत्रक लिहायला घेतलं. बाई म्हणाल्या, "ते राहू दे. आप्पाला फोन लाव. आणि तुझ्या गटातल्या सगळ्यांना सांग, सुतळी घेऊन या."

रविवारी बाईंनी अख्खं फ्लेक्सघर उसनं देऊन टाकलं. टेम्पो आप्पांच्या गावाहून आला, तो भरून गेला. उरलेले आम्ही वाटले: टपऱ्या, गॅरेज, रसवंत्या, भाजीच्या गाड्या. बाई जिन्याच्या पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि प्रत्येक गुंडाळी जाताना सांगत होत्या, "छापील बाजू बाहेर."

"बाई, शाई उडेल," मी म्हटलं.

"उडू दे थोडी. वाचायला ठेवलेलं आहे ते. कपाटात घालून पूजा नाही करायची."

दोन दिवसांत आमच्या सगळ्या पट्ट्यात मागच्या निवडणुका उगवल्या. एकमेकांच्या विरोधात उभे असलेले दोघे एकाच पंक्चरवाल्याच्या छपरावर गळ्यात गळे घालून. कांद्याच्या ढिगावर 'चोवीस तास पाणी'चं आश्वासन. आणि मैदानाचा तो फ्लेक्स बाईंनी रावेतला, लॉन्सच्या गेटसमोर भाजी विकणाऱ्या मावशींच्या गाडीवर बांधायला दिला. मी पाया पडायची बाकी होते. "बाई, हा एकच आहे. रात्रीत फाडतील. आपण याची दुसरी प्रत छापू, ती लावू."

"प्रत छापलीस की ती तुझी जाहिरात झाली. हा त्याचा आहे."

फाडायला कुणी यायच्या आधी आचारसंहितेचं पथक आलं. कुणीतरी तक्रार केली होती, अर्थातच मंगेशच्या गोटातून. मी समोरच उभी होते. पथकातले साहेब वयस्कर, घामेजलेले.

"मावशी, हे कुणी लावलं?"

"म्या. पालेभाजीला ऊन लागतंय."

"हा प्रचार आहे."

"मेथी हाय."

"वरचं म्हणतोय मी."

"वरचं मला वाचता येत न्हाई. तुमी वाचा की."

साहेबांनी वाचलं. मोठ्यानं, कारण शेजारचा माणूस पंचनाम्यात लिहून घेत होता. 'शब्द मंगेशचा. याच जागेवर मुलांचं मैदान.' मग त्यांनी बाणाकडे पाहिलं, बाणाच्या दिशेनं मेथीकडे पाहिलं, आणि मान वळवून लॉन्सच्या गेटकडे. गिऱ्हाईकं हसायला लागली. साहेब हसले नाहीत. त्यांनी फोटो काढले, फ्लेक्स उतरवून जप्त केला आणि मावशींनी पालेभाजीवर ओलं पोतं टाकलं.

मी रडकुंडीला येऊन बाईंकडे गेले. "गेला, बाई. सरकारनं नेला."

बाई कणकेचा गोळा तिंबत होत्या. "पंचनामा केला?"

"हो."

"मजकूर शब्दशः लिहिला?"

"हो, पण…"

"मग आता मंगेशला खुलासा मागतील. नोटीस जाईल त्याला. विनापरवाना जाहिरात, खर्च त्याच्या नावावर का धरू नये." कणीक थांबली. "आठवीत काय करत होतीस गं तू?"

झालं तसंच. मंगेशला नोटीस गेली. खर्च नावावर पडायला नको म्हणून त्याच्या वकिलानं घाईघाईनं लेखी खुलासा दिला, खाली मंगेशची सही: सदर फ्लेक्स माझाच आहे, परंतु तो मागील निवडणुकीतील असून त्यावरील आश्वासन त्या वेळचे आहे, चालू प्रचाराशी त्याचा संबंध नाही. इतकी वर्षं आम्ही जे वाक्य शोधत होतो ते त्यानं स्वतः लिहून, सही करून, सरकारी कचेरीत नेऊन दिलं होतं. बाईंना हे आधीच ठाऊक होतं का, हे मी त्यांना खूपदा विचारलं. "मला फक्त तो लोकांनी वाचायला हवा होता," एवढंच म्हणायच्या, आणि दाबेली मागवायच्या.

मंगेश निवडून आला. पण बाईंच्या हिशेबानं तो आपला विषयच नव्हता. खुलाशाची प्रत जोडून आम्ही मैदानाचा अर्ज पुन्हा केला. या वेळी टेबलामागच्या माणसानं पुरावा मागितला नाही, फक्त खुर्ची दिली. फ्लेक्स हळूहळू परत आले, काही फाटके, दोन-तीन शेळ्यांनी चघळलेले. पार्किंग तर गेलं होतं. चाकणच्या रस्त्यावर युनूसभाईंचं गाड्यांच्या सीट-कव्हरचं दुकान आहे. त्यांनीही एक फ्लेक्स उसना नेला होता. ते म्हणाले, "मॅडम, वर माळा रिकामा आहे. उंदीर आहेत बरं का, आधीच सांगतो." बाई म्हणाल्या, "उंदीर कुठल्या पक्षाचे आहेत?" "सगळ्यांचंच खातात," युनूसभाई म्हणाले, आणि सौदा झाला.

जप्त झालेला फ्लेक्स बाईंनी अर्ज करकरून सोडवून आणला. पुढच्याच महिन्यात त्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी आपल्या लेकीकडे नागपूरला गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. तो फ्लेक्स माळ्यावर ठेवायला आणला, त्या दुपारी मी त्यांना शेवटचं पाहिलं.

मी खाली युनूसभाईंच्या दुकानात होते. पांढरी गाडी थांबली, मंगेश उतरला. कार्यकर्ते गाडीतच ठेवले होते. लोखंडी शिडी चढून तो वर गेला. मी चार पायऱ्या चढून डोकं वर काढलं. आत बाई एकट्याच तो फ्लेक्स उलगडत होत्या. दहा फुटांचा फ्लेक्स एकट्या माणसाच्यानं उलगडत नाही. त्यांनी मंगेशकडे न बघता एक टोक त्याच्यापुढे केलं. त्यानं धरलं. दोघं मागे मागे सरकत गेले, आणि मधे बॅट घेतलेला तरुण मंगेश, दोन पोरं, बाण, कोपऱ्यावर सरकारी शिक्का, असं सगळं उघडत आलं. वरच्या कडेवरून आजच्या मंगेशचं डोकं दिसत होतं, जरा टक्कल पडलेलं.

"बाई," तो म्हणाला, "मैदानाचं मी बघतो."

"नंतर बघ," बाई म्हणाल्या. "आधी नीट ताण. घडी पडतेय."

मंगेशनं दोन्ही हातांनी ताणलं.